कोंडवाड्याची वही

"तसं काही झालंच नाही गा,"
यादोराव म्हणाले, समाजमंदिराच्या पायरीवर उभे राहून,
"पटकी आली. टोला मेला.
कोतवाल बुकात लिहून हाय, जाऊन पाहा."

मी तेच पाहत आलोय.
एकवीस वर्षं, तहसीलच्या अभिलेख खोलीत,
लाल फडक्यातले गठ्ठे,
वाळवीला रॉकेल, मला खोकला.

लिहून आहे, खरं आहे.
तारीख नऊ. सदतीस नावं.
पहिल्या नावापुढे "पटकी",
खाली छत्तीस वेळा "सदर".
एकच शाई, एकच बसणी.
वय वर्षे दोन आणि वय वर्षे सत्तर यांच्यामध्ये
टाक दम घ्यायलाही थांबला नाही.
पानाच्या तळाशी अंगठा:
पैकू कोतवाल.
माझा पणजा.

पटकी मी ओळखतो.
कागदावर तिची चाल वेगळी असते.
आज दोन, परवा पाच, मध्ये एक दिवस उसंत,
एखादं घर उगाच सोडते,
मागे फिरून येते.
अशी एका रात्रीत हिशोब मिटवत नाही.
आणि ज्या बोडीचं पाणी टोला प्याला
तेच गाव प्यालं.
गावात त्या महिन्यात मृत्यू एक.
सर्पदंश.

मग मी माणसं सोडली, गुरं शोधली.
कोंडवाड्याची वही कुणी जाळत नाही,
तिच्यात काय असणार?
तारीख दहा, सकाळ:
अठ्ठावन्न गुरं, मालक हजर नाही.
पुढे पंधरा दिवस
मालक हजर नाही, मालक हजर नाही.
"गाय एक, कबरी, डावं शिंग मोडकं."

नानो मडावीला वाचता येत नाही.
नऊ कोसांवर राहते, माहेरचं गाव विचारलं
तर बोडीच्या पाळीकडे हनुवटी करते.
तिची आजी रात्री राखणीला मोहाखाली निजली होती
म्हणून उरली.
तिनं सांगितलेलं नानो सांगते:
आग आधी दिसली, ओरडा मागून आला,
आणि धुरातून पहिली बाहेर पळाली
ती आमची कबरी,
डाव्या शिंगानं मोडकी.

नानोनं वही पाहिलेली नाही.
वहीला नानो माहीत नाही.

पाळीखालच्या बांधीत अजून
नांगराला काळे तांदूळ लागतात.
पोट्टे त्यांना मणी म्हणतात.
पटकी धान जाळत नाही.

सभेत मी नकला वाचल्या, शिक्क्यासकट.
कोवे लच्चू. कोवे जंगो.
कुमरे झुन्नी, वय वर्षे दोन.
मागे कुणीतरी फटफटी सुरू केली होती,
ती बंद केली.
यादोरावांनी दुपट्ट्यानं मान पुसली.
"बरं, झालं असंल. पण आता दगड कायले लावता?"

"नाही झालं"पासून "कायले"पर्यंत यायला
गावाला शंभरावर वर्षं लागली
आणि वरची चाळीस मिनिटं.

लिलावाचं पान मी खाली ठेवलं होतं.
एकेचाळीस गुरं, यादोरावांचे आजोबा.
सोळा, बाजारातला दलाल.
उरलेलं एक
मी घरी दोनदा वाचलं होतं,
आईला सांगितलं नव्हतं.
त्याच वंशाच्या दुधावर
माझी मॅट्रिकची फी भरली गेली.

वाचलं.
"कालवड एक, रुपया दीड,
घेणार पैकू कोतवाल."

कुणी काही बोललं नाही.
यादोरावसुद्धा नाही, त्यांना बोलता आलं असतं.
नानो तेवढी पुढे सरकली,
कागदावर हात ठेवला, उलट्या बाजूनं,
आणि विचारलं,
"रंग काय लिवला हाय?"

मी पाहिलं.
कबरा.